कॅप्सूल पोटात गेली, पुढे?

तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू झालं, की औषधाच्या दुकानातला मुलगा पाकिटावर बॉलपेनने लिहून देतो, 'रात्री जेवणानंतर १'. घेणाऱ्याला वाटतं, रिकाम्या पोटी जळजळ होऊ नये म्हणून सांगितलं असेल. खरं कारण वेगळं आहे. या औषधाला रक्तात पोचायला जेवणातलं तेल-तूप लागतं. भरपूर स्निग्ध जेवणावर कॅप्सूल घेतली तर जेवढं औषध रक्तात उतरतं, त्याच्या जेमतेम ४० टक्के उपाशीपोटी उतरतं. म्हणजे कॅप्सूल गिळायची २० मिलिग्रॅमची आणि काम मिळायचं ८ मिलिग्रॅमचं. ज्या अभ्यासांतून हे आकडे आले, त्यांतलं 'स्निग्ध जेवण' म्हणजे ८०० ते १००० कॅलरींचं ताट, त्यातल्या निम्म्या कॅलरी मेदाच्या. साधारण पन्नास ग्रॅम मेद. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढा असतो.

आता वजन कमी करण्यासाठी बायपासची शस्त्रक्रिया झालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्या जठराची वापरातली पिशवी ३० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे लहानशा अंड्याएवढी. वाटीभर वरणभात संपवायला त्याला अर्धा तास लागतो, आणि तळणाचा वास आला तरी मळमळतं. त्याच्या हनुवटीवर, पाठीवर दुखऱ्या गाठींचा मुरुम उठला आणि त्याच्या पाकिटावरही 'रात्री जेवणानंतर १' असंच लिहिलं गेलं, तर त्या कॅप्सूलचं काय होणार?

हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. त्वचारोगतज्ज्ञ नाही, शल्यचिकित्सकही नाही. गोळी तोंडातून रक्तापर्यंत कशी जाते, या एकाच प्रवासाचा मला नाद आहे, आणि या प्रवासाची इतकी कठीण परीक्षा घेणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मुरुमाची ओळख चटकन उरकते. त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल करतात, ग्रंथीच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. सौम्य असेल तर मलमांवर भागतं. गाठी, पू आणि मागे खड्डे राहतील असा मुरुम असेल तर पोटातून औषध द्यावं लागतं. त्यात डॉक्सिसायक्लिन-मिनोसायक्लिनसारखी प्रतिजैविकं येतात, स्त्रियांसाठी गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पिरोनोलॅक्टोन येतं आणि सगळ्यांत प्रभावी म्हणून आयसोट्रेटिनॉइन. वरची चारही कारणं एका दमात गाठणारं औषध हे एकच. योग्य मात्रेत काही आठवड्यांत ते त्वचेचं तेल ९० टक्क्यांपर्यंत कमी करतं.

या औषधाची मुळं 'अ' जीवनसत्त्वात आहेत. 'अ' जीवनसत्त्व आणि त्वचा यांचं नातं माणसाला पहिल्यांदा कळलं ते फार भयंकर रीतीने. १५९६-९७ च्या हिवाळ्यात बॅरेंट्सच्या मोहिमेतले डच खलाशी आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटावर बर्फात अडकले होते. त्यांनी ध्रुवीय अस्वलाचं काळीज शिजवून खाल्लं आणि ते आजारी पडले. काहींची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलवटून निघाली, असं खेरिट द फेर याने रोजनिशीत नोंदवून ठेवलंय. या अस्वलाच्या यकृतात 'अ' जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा असतो, हे विसाव्या शतकात कळलं. ज्या पदार्थाच्या अतिरेकाने त्वचा सोलून निघते, तो त्वचेच्या आजारात वापरता येईल का, असा विचार मग येणारच. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्राउमफ्योर्ड या डॉक्टरांनी मुरुमाच्या रुग्णांना रोज एक लाख युनिट 'अ' जीवनसत्त्व देऊन पाहिलं. फायदा दिसला, पण एवढ्या मात्रेने यकृतावर, हाडांवर आणि डोक्यातल्या दाबावर होणारे दुष्परिणाम पाहता तो मार्ग धोक्याचा होता.

पुढे बाझेलमध्ये रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत वेर्नर बोलाग यांनी 'अ' जीवनसत्त्वाची भावंडं असलेली संयुगं गाठींच्या आजारांवर तपासायला घेतली. त्यांतलंच एक १३-सिस-रेटिनॉइक आम्ल, म्हणजे आपलं आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गॅरी पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते त्वचेच्या आजारांत वापरून पाहिलं आणि १९७९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक शोधनिबंध छापला. विषय होता, कशालाच दाद न देणाऱ्या गाठींच्या मुरुमाचे १४ रुग्ण. चार महिन्यांच्या औषधाने १३ जणांचा मुरुम पूर्ण गेला, चौदाव्याचा तीन चतुर्थांश. औषध थांबवल्यावरही तो परतला नव्हता, काहींमध्ये तर २० महिने. हा निबंध मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवते. इतका छोटा अभ्यास आणि इतका ठाम निकाल वैद्यकात क्वचितच सापडतो. १९८२ मध्ये औषध अमेरिकेच्या बाजारात आलं.

आता माझ्या आवडीचा भाग. आमच्या प्रयोगशाळेत मी दोन चंचुपात्रं ठेवते, दोन्हींतलं पाणी ३७ अंशांवर. पहिल्यात नुसतं पाणी. दुसऱ्यात पित्तातलं एक लवण, सोडियम टॉरोकोलेट, आणि थोडं लेसिथिन. आतड्याच्या रसाची अशी नक्कल करण्याची पद्धत जेनिफर ड्रेसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रूढ केली. दिवे मंद करते, कारण उजेडात आयसोट्रेटिनॉइन विघटित होतं. हातमोजे सगळ्यांना सक्तीचे. आणि कुणी विद्यार्थिनी गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर तिने त्या दिवशी आत यायचं नाही, हा नियम मी कधीही मोडू देत नाही.

कॅप्सूल पहिल्या पात्रात टाकली की तळाशी जाते. काही मिनिटांत जिलेटिनचं कवच फुगतं, शिवणीपाशी मऊ पडतं, फाटतं. आतून नारिंगी-पिवळा, तेलकट, थोडा मेणचट थेंब बाहेर येतो आणि वर तरंगत राहतो. औषधाची पूड सोयाबीन तेलात आणि मेणात घोटलेली असते ना, म्हणून. काचकांडीने ढवळलं तर थेंबाचे चार थेंब होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा एक होतात. पाण्यात औषध जवळजवळ उतरतच नाही. दुसऱ्या पात्रात मात्र तोच थेंब कडेने विरायला लागतो, ढवळल्यावर पाणी दुधाळ पिवळं होतं आणि तसंच राहतं. पित्ताची लवणं तेलाचे अतिसूक्ष्म कण करून औषधाला त्यांत सामावून घेतात. आतड्याच्या भिंतीपर्यंत औषध पोचतं ते या कणांत बसून.

शरीरात हे घडवून आणायला जेवणातला मेद लागतो. तो जठरातून आतड्याच्या पहिल्या वळणात, आद्यांत्रात, उतरला की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकुंचन पावतं, स्वादुपिंडाचे रस येतात. तेल, पित्त आणि औषध एका जागी, एका वेळी भेटतात. बायपासमध्ये नेमकी हीच भेटीची जागा बदलते.

रू-आँ-वाय बायपास हे नाव सेझार रू यांच्यावरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लोझान इथल्या या शल्यचिकित्सकाने जठराचं तोंड बंद झालेल्या रुग्णांसाठी आतडं 'वाय' अक्षराच्या आकारात जोडण्याची रीत बसवली. वजनाचा तिथे काही संबंध नव्हता. १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा मोठा भाग वगळून लठ्ठपणासाठी पहिला बायपास केला. व्रणासाठी जठर कापलेले रुग्ण वजन गमावतात, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी त्याला रू यांचा 'वाय' जोडला. १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी तो दुर्बिणीतून केला आणि तिथून या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला.

या 'वाय'च्या एका फांदीतून अन्न येतं. ती १०० ते १५० सेंटिमीटर लांब. दुसऱ्या फांदीतून नुसतं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो. दोघांची गाठ खाली पडते. म्हणजे कॅप्सूल आधी फुटते, तिचं तेल मीटर-दीड मीटर एकटंच वाहत जातं आणि मग पित्त भेटतं. त्यापुढे आतडं लांब असतं, त्यामुळे सगळंच वाया जातं असं नाही. पण जेवणही तुटपुंजं, मेदही थोडा आणि भेटही उशिरा.

वजनासाठीच्याच स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात, पण आतड्याचा मार्ग बदलत नाही. तिथे खरी अडचण ताटातल्या मेदाची. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला एकाच जोडणीचा बायपास आपल्याकडे 'मिनी बायपास' या नावाने बराच होतो. त्यात आतड्याचा १५० ते २०० सेंटिमीटर भाग अन्नाला दिसतच नाही. आणि जेनोआच्या निकोला स्कोपिनारो यांच्या पद्धतीत तर अन्न आणि पित्त एकत्र वाहतात तो मार्ग उरतो फक्त ५० सेंटिमीटरचा. तिथे मेद शोषला जाऊ नये हाच शस्त्रक्रियेचा हेतू असतो, आणि मेदावर स्वार होणाऱ्या औषधाची त्यात आपोआपच गळती होते. 'माझं वजनाचं ऑपरेशन झालंय' एवढ्या सांगण्यावर त्वचेच्या डॉक्टरांनी समाधान मानू नये असं मला ठामपणे वाटतं. कोणतं ऑपरेशन, आणि आतडं किती वगळलंय, हे कळल्याशिवाय मात्रेचा हिशेब करताच येत नाही.

बायपासनंतर सगळीच औषधं कमी शोषली जातात असा सरसकट समज असतो. तोही बरोबर नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की बायपास झालेल्यांत ॲझिथ्रोमायसिन सुमारे एक तृतीयांश कमी उतरतं. आपल्याकडे मुरुमासाठी आठवड्यातून तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन देण्याची प्रथा आहे, म्हणून हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा. त्याच गटाने त्याआधी २०११ मध्ये मधुमेहाचं मेटफॉर्मिन तपासलं होतं. ते उलट जास्त उतरलं, जवळजवळ दीडपट. प्रत्येक औषधाची आतड्यातली आवडती जागा निराळी. एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावून चालत नाही.

डॉक्सिसायक्लिनची कथा आणखी वेगळी, आणि ती मी प्रत्यक्ष पाहिली. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची दर महिन्याला बैठक असते, तिला ती मला घेऊन गेली होती. तिथे एका बाईंनी पर्समधून सात दिवसांचा, प्रत्येक दिवसाला तीन खण असलेला प्लास्टिकचा डबा काढून मला दाखवला. सकाळच्या खणात मल्टिव्हिटॅमिन, लोहाची लालभडक गोळी, कॅल्शियम सायट्रेटची मोठी पांढरी गोळी आणि त्यांच्या मध्ये डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल. 'चेहऱ्यासाठी दोन महिने घेतेय हो मॅडम, काडीचा फरक नाही,' त्या म्हणाल्या. फरक पडणार कसा? कॅल्शियम आणि लोह या प्रतिजैविकाला आतड्यातच धरून ठेवतात. बायपासनंतर रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दोन-तीनदा वाटून घ्यायचं असतं, लोह वेगळं. त्यांत दोन-तीन तासांची मोकळी जागा शोधून डॉक्सिसायक्लिन बसवणं हे वेळापत्रकाचं काम आहे आणि ते कुणीतरी रुग्णाबरोबर बसून करायला हवं. शिवाय ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. ती बसून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. पण ज्यांना एका वेळी चार घोटांवर पाणी पिता येत नाही त्यांचं काय?

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती या विषयातली सगळ्यांत दुर्लक्षित बाजू वाटते. टेबलावर व्हे प्रोटीनचे डबे रांगेत मांडले होते. शस्त्रक्रियेनंतर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घ्या असं सांगितलेलं असतं, तेवढी डाळ-उसळ त्या छोट्या पोटात मावत नाही, म्हणून ही पूड. व्हे म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या निवळीतली प्रथिनं. ती इन्सुलिन झपाट्याने वाढवतात, आणि इन्सुलिनच्या कुळातली वाढीची संप्रेरकं तैलग्रंथींना चेतवतात. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या डॉक्टर-गटांनी व्हे घेणाऱ्या मुलांत आणि व्यायामपटूंत उठलेल्या मुरुमाची वर्णनं छापली. काहींचा मुरुम पूड थांबवल्यावर ओसरला. हे रुग्णांचे वृत्तांत आहेत, मोठी चाचणी नव्हे. तरीही मी त्वचेची डॉक्टर असते तर आयसोट्रेटिनॉइन लिहिण्याआधी महिना-दोन महिने व्हेच्या जागी सोया, वाटाण्याची प्रथिनं किंवा अंडी सुचवून पाहिली असती.

आणि ब१२. बायपासनंतर ते जन्मभर घ्यावं लागतं, कारण जठराचा जो भाग त्याच्या शोषणाला मदत करतो तोच वगळलेला असतो. रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन पुरतं. आपल्याकडे १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणि इंजेक्शनं सर्रास मिळतात, आणि थकवा आला की आठवड्यालाच एक टोचून घेणारे रुग्ण आहेत. ब१२ च्या मोठ्या मात्रेने चेहऱ्यावर एकसारख्या, एकाच वयाच्या वाटाव्यात अशा लालसर पुटकुळ्या उठतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. का उठतात, याचा धागा २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पकडला. बाहेरून ब१२ मिळालं की त्वचेतले मुरुमाचे जिवाणू स्वतःचं ब१२ बनवणं कमी करतात आणि पॉर्फिरिन नावाची दाहकारक द्रव्यं जास्त करू लागतात. किती सुंदर शोध आहे हा! दंडात टोचलेलं जीवनसत्त्व गालावरच्या एका रंध्रातल्या जिवाणूचा दिनक्रम बदलतं. अशा रुग्णाला आयसोट्रेटिनॉइनआधी ब१२ ची रक्तातली पातळी तपासायला हवी. ब१२ बंद करायचं नाही, ते बंद केलं तर मज्जातंतूंचं न भरून येणारं नुकसान होतं. गरजेपुरतं आणायचं.

तोंडाभोवती लालसर, सोलवटलेले, पू भरलेले चट्टे असतील तर तो मुरुम नसून जस्ताची कमतरता असू शकते. आणि जुन्या काळातली एक विलक्षण गोष्ट सांगायलाच हवी. १९५४ पासून लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळणारी एक शस्त्रक्रिया होत असे. पुढे तिने यकृत निकामी होऊ लागलं म्हणून १९८० च्या सुमारास ती मागे पडली. त्या रुग्णांना ताप, सांधेदुखी आणि अंगभर पू भरलेले फोड असा एक आजार व्हायचा. वगळलेल्या आतड्यात जिवाणू माजायचे आणि त्यांच्याविरुद्ध उठलेला दाह त्वचेवर उमटायचा. वरवर पाहणाऱ्याला तो मुरुमच वाटावा. आजही बायपासनंतर सांधे दुखत असताना दंड-छातीवर फोड आले, तर हा आजार मनात यायला हवा.

हे सगळं पाहून झालं आणि तरी गाठी उठतच आहेत, खड्डे पडत आहेत, तर आयसोट्रेटिनॉइन द्यायलाच हवं. शस्त्रक्रिया झालीय म्हणून हे औषध नाकारणं मला मान्य नाही. चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहतात, आणि वजन उतरल्यावर पहिल्यांदाच आरशात नीट पाहायला लागलेल्या माणसाला ते किती टोचतात, हे त्या बैठकीत मी ऐकलंय.

पण केव्हा? मात्रा वजनावर ठरते. दर किलोला रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि संपूर्ण कोर्समध्ये दर किलोला १२० ते १५० मिलिग्रॅम. शस्त्रक्रियेच्या वेळी ११० किलो असलेली बाई वर्षभरात ७५ वर येते. दर किलोला १२० धरलं तर कोर्स पहिल्या वजनाला १३,२०० मिलिग्रॅमचा होतो आणि दुसऱ्याला ९,००० चा. वजन रोज हलत असताना हा हिशेब बसत नाही. त्याच वर्षात केसही गळतात आणि आयसोट्रेटिनॉइननेही गळू शकतात, मग दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही. म्हणून वजन स्थिरावेपर्यंत मलमं आणि मोठ्या गाठीत ट्रायॲमसिनोलोनचं छोटं इंजेक्शन, यावर निभावणं शहाणपणाचं. त्वचा ओघळते म्हणून पुढे पोटाची प्लास्टिक सर्जरी करायची असेल तर त्या डॉक्टरांनाही या औषधाची कल्पना आधीच हवी.

स्त्रियांच्या बाबतीत याहून मोठं कारण आहे. गर्भावर आयसोट्रेटिनॉइनचा परिणाम अत्यंत गंभीर होतो. बाळाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू यांत व्यंगं येतात. १९८५ च्या एका अभ्यासाने हे निःसंशय दाखवलं, आणि २००६ पासून अमेरिकेत हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे. आपल्याकडे ही जबाबदारी मुख्यतः डॉक्टर, औषधविक्रेता आणि स्वतः रुग्ण यांच्यावर येते. आता गुंता पाहा. लठ्ठपणा आणि अंडाशयाच्या पीसीओएसमुळे अनियमित झालेली पाळी वजन उतरल्यावर नियमित होते, आणि ज्या बाईला मूल होत नव्हतं तिला अचानक दिवस राहतात. दुसरीकडे बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आतडं वगळणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात असं म्हटलंय. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भारपण टाळायला तसंही सांगतातच. तेव्हा या स्त्रीसाठी तांबी किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट, म्हणजे आतड्याशी ज्याचा संबंधच नाही असं साधन, कॅप्सूल सुरू होण्याआधी बसलेलं हवं. औषध थांबवल्यावरही एक महिना ते चालू ठेवायचं.

'अ' जीवनसत्त्वाचा पेच तर मला सगळ्यांत गुंगवून टाकतो. बायपासनंतर रोज ५,००० ते १०,००० युनिट 'अ' घ्यायला सांगतात. आयसोट्रेटिनॉइनच्या माहितीपत्रकात मात्र 'अ' च्या गोळ्या घेऊ नयेत असं असतं, कारण दोन्ही एकाच जातीची विषारीपणाची लक्षणं देतात. मग गोळी बंद करायची? आयसोट्रेटिनॉइन 'अ' च्या कुळातलं असलं तरी डोळ्यांना त्याचा काही उपयोग नाही. शरीर रेटिनॉलचं रेटिनॉइक आम्ल करू शकतं, उलट वाटेने परत आणू शकत नाही, आणि अंधारात दिसायला लागतं ते पहिलं. एवढंच नाही, तर हे औषध डोळ्यांतल्या रेटिनॉलच्या चक्रातच अडथळा आणून रातांधळेपणा देऊ शकतं. म्हणजे आधीच 'अ' चा साठा घटलेला रुग्ण, गोळी बंद, आणि वर हे औषध. अशा माणसाने रात्री गाडी चालवताना समोरून येणाऱ्या दिव्यांनंतरचा काळोख जास्त वेळ टिकतोय का, याकडे लक्ष द्यावं. डॉक्टरांनी रक्तातलं रेटिनॉल मोजूनच निर्णय घ्यावा, अंदाजाने नको.

डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन एकत्र कधीच नको, कारण दोन्हींनी कवटीतला दाब वाढू शकतो. स्थूल तरुण स्त्रियांना हा दाबाचा आजार मुळातच जास्त होतो. सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर येणं, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. या औषधाने स्नायू दुखतात. पण बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, जोडणीपाशी व्रण होतो.

आता मात्रेकडे परत. कॅप्सूल कमी उतरते म्हणून थेट दुप्पट लिहायची, हा मार्ग मला पसंत नाही. आधी जेवण सुधारावं. दिवसातलं सगळ्यांत स्निग्ध जेवण कोणतं ते रुग्णालाच विचारावं. कुणाचं ते सकाळचं अंड्याचं ऑम्लेट असतं, कुणाची दुपारची तीळ-खोबऱ्याची चटणी आणि तूप घातलेली खिचडी. कॅप्सूल त्या जेवणाच्या मध्यावर घ्यावी आणि मोठी मात्रा दोन जेवणांत वाटावी. परदेशात जेवणावर कमी अवलंबून असलेली कॅप्सूल २०१२ पासून मिळते. तिच्यात उपाशीपोटी होणारी घट ६० ऐवजी ३३ टक्के असते.

आणि मग ओठ पाहावेत. या औषधाने दहांतल्या नऊहून जास्त रुग्णांचे ओठ कोरडे पडतात, फुटतात. त्वचेचे अनुभवी डॉक्टर म्हणूनच आत आलेल्या रुग्णाच्या मुरुमाआधी ओठांकडे पाहतात. महिना झाला, मात्रा पुरेशी आहे, रुग्ण कॅप्सूल चुकवत नाही आणि तरी ओठ मऊ, पेट्रोलियम जेलीचीही गरज नाही, तर औषध रक्तात पोचत नसण्याची शक्यता मोठी. रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचं तसंच. ते या औषधाने वाढतं, पण शस्त्रक्रियेनंतर वजनाबरोबर उतरतही असतं. एकटा आकडा फसवतो, आधीच्या दोन-तीन तपासण्यांशी ताडून पाहिला तर बोलतो. मात्रा वाढवायची ती या खुणा पाहत, हळूहळू.

मुरुम परतला तर दुसरा कोर्स देता येतो, मध्ये किमान आठ आठवडे सोडून, कारण औषध थांबल्यावरही काही काळ सुधारणा होत राहते. मात्र बायपास झालेल्या रुग्णात 'पहिल्या कोर्सला दाद दिली नाही' असं फाइलमध्ये लिहिण्याआधी डॉक्टरांनी एक प्रश्न जरूर विचारावा. गिळलेल्या ९,००० मिलिग्रॅमपैकी रक्तात किती उतरलं होतं? त्याचं उत्तर शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डावर, जिथे आतड्याच्या फांद्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते तिथे, बरंचसं मिळतं. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना रक्ताच्या रिपोर्टांबरोबर ते कार्डही न्यावं, आणि गोळ्यांचा डबाही.